स्लॅबलाही छप्पर लागतं, त्याचं काय?

कोकणात नवं घर बांधायला निघालेल्या माणसाला एक सल्ला न मागता मिळतो : “आधी स्लॅब टाकून घे, वर कौलं की पत्रे ते मागाहून बघू.” सल्ला देणाऱ्यांत गावचा ठेकेदार असतो, मुंबईचा चुलतभाऊ असतो, दोन घरं पलीकडचे निवृत्त गुरुजीही असतात. एरवी बांधावरून एकमेकांशी न बोलणारी ही मंडळी स्लॅबचा विषय निघाला की एका सुरात बोलू लागतात. माळ्याखाली लाकडाचा कडीपाट टाकायचा विचार आहे, असं कुणी म्हणून बघावं; त्याच्याकडे बघण्याची नजरच बदलते. याच्याकडे एक तर पैसे नसावेत, नाहीतर नको इतके असावेत!

या एकमताला माझा विरोध आहे. स्लॅबशी माझं वैर नाही. दुमजली घर असेल, गच्ची वापरायची असेल, वर उद्या दुसरं बिऱ्हाड राहणार असेल, तर खुशाल स्लॅब टाकावा. ज्या घरावर उतरतं छप्पर येणारच आहे, त्या घरापुरता माझा मुद्दा आहे.

कोकण रेल्वेने रोह्याच्या पुढे गेलात की खिडकीतून बाहेर बघा. सपाट स्लॅबची घरं दिसतील, आणि त्यांतल्या कितीतरी घरांवर लोखंडी खांब उभे करून निळे-तांबडे पत्रे चढवलेले दिसतील. घरमालकाला विचारलं तर तो सांगेल, स्लॅब गळायला लागला म्हणून शेड मारली. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडणाऱ्या मुलखात सपाट पृष्ठभाग गळणारच. त्यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. गळका स्लॅब आणि त्यावरची शेड हे दुखणं होतं, ते हळूहळू पद्धत झालं. आता नव्या घराच्या नकाशातच दोन्ही असतात : खाली पाच इंची स्लॅब, वर लोखंडी सांगाडा आणि त्यावर पत्रे किंवा कौलं. म्हणजे पाऊस अडवायचं काम वरच्याकडे गेलं. स्लॅब उरला तो माळ्याखालचं छत म्हणून. छप्पर म्हणून त्याची नेमणूक झाली होती, ते पद गेलं, पगार मात्र पूर्वीचाच चालू आहे.

मग त्याला छताच्याच कसोट्या लावू या. माळ्याखालच्या छताने करायची कामं थोडी असतात. माळ्यावर ठेवलेल्या वस्तूंचं आणि वर चढणाऱ्या माणसाचं वजन पेलायचं, वरची झळ खाली येऊ द्यायची नाही, आणि वर काही बिघडलं तर ते लवकर कळू द्यायचं.

वजनाचं आधी घेतो, कारण स्लॅबवाल्यांचा सगळा विश्वास ‘मजबुती’ या एका शब्दावर आहे. दहा बाय बाराची खोली धरा. पाच इंची स्लॅबला पन्नास घनफूट कॉंक्रीट लागतं. त्याचं वजन साधारण साडेतीन टन. हे नुसतं स्लॅबचं स्वतःचं वजन. त्याच खोलीवर तीन इंच बाय सहा इंचाच्या सागवानी कड्या दोन-दोन फुटांवर टाकल्या आणि वर इंचभर जाडीच्या फळ्या मारल्या, तर लाकूड लागेल वीस घनफुटांच्या आतबाहेर, आणि वजन भरेल साडेतीनशे-चारशे किलो. आता हा कडीपाट पेलतो किती? राहत्या खोलीच्या जमिनीला आपल्या मानकांनी चौरस मीटरला दोनशे किलो भार धरायला सांगितलं आहे. दहा फुटांच्या गाळ्यावर या मापाची चांगली सागवानी कडी तेवढा भार सहज घेते, आणि लवते ती जेमतेम पाव इंच. माळ्यावर तुम्ही ठेवणार काय? नारळ, आमसुलांचे डबे, गणपतीचा पाट आणि मखर, जुन्या पेट्या, लग्नातली भांडी. त्यासाठी साडेतीन टनांचं छत म्हणजे भाताच्या चार पोत्यांसाठी ट्रक करण्यासारखं आहे.

हे वजन फुकट डोक्यावर बसत नाही. ते भिंतीतून खाली जातं. चिऱ्याची नीट बांधलेली भिंत स्लॅब पेलते, पण ठेकेदाराला त्यात रस नसतो. स्लॅब म्हटला की तो पिलर काढतो, पिलर आले की फुटिंग, फुटिंग आलं की सळईचं बिल. चार खोल्यांच्या बैठ्या घराचा सांगाडा तीन मजली इमारतीसारखा उभा राहतो, आणि भारवाहक म्हणून पिढ्यान् पिढ्या उभा राहिलेला जांभा दोन पिलरांमधली जागा भरायला वापरला जातो.

इथे कुणीतरी किल्लारीच्या भूकंपाचा दाखला देतोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे माणसं मेली ती लाकडी माळवदांखालीच ना? हो. पण तिथे लाकडाच्या डोक्यावर दीड-दोन फूट मातीचा थर होता, दर काही वर्षांनी त्यात नवी भर पडत होती, आणि हे ओझं मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंतींवर टेकलेलं होतं. भिंती फाकल्या आणि माती खाली आली. भूकंपात घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या हिशोबात येतो. तेव्हा किल्लारीवरून काही शिकायचं असेल, तर डोक्यावर विनाकारण वजन घेऊ नये आणि भिंती एकमेकींना बांधून घ्याव्यात, हे. पहिली गोष्ट कडीपाटाच्या बाजूने जाते. दुसरीसाठी भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी फिरणारा कॉंक्रीटचा पट्टा मात्र हवा. कोयनेचा १९६७ चा धक्का ज्यांनी चिपळूणकडे अनुभवला आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही.

आता झळ. “स्लॅब थंड असतो” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते बोलणाऱ्याने कधी मे महिन्यात रात्री स्लॅबखाली झोपून पाहिलं असेल का, असा प्रश्न पडतो. उष्णता अडवण्यात लाकूड कॉंक्रीटच्या साधारण दसपट सरस असतं. म्हणजे इंचभर फळी जेवढी झळ अडवते, तेवढी अडवायला पाच इंची स्लॅबही अपुरा पडतो. फळीचा अडसर त्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो. स्लॅब करतो काय, तर उष्णता अडवण्याऐवजी ती साठवतो. दुपारी तापलेल्या पत्र्याची झळ तो संध्याकाळपर्यंत पोटात घेत राहतो, म्हणून दुपारी खोली बरी वाटते. हे मान्य. पण दिवेलागणीनंतर तीच उष्णता खाली सोडायला लागतो, आणि पंखा लावला की छताजवळची गरम हवाच अंगावर येते. मराठवाड्यात, विदर्भात हा साठा काही प्रमाणात उपयोगी पडतो, कारण तिथल्या रात्री उतरतात आणि जाड छत पहाटेपर्यंत निवतं. किनाऱ्यावर एप्रिल-मेच्या रात्री दिवसापेक्षा फार वेगळ्या नसतात. साठवलेलं टाकायचं कुठे? कडीपाटाचा थर पातळ असतो, सूर्य कलला की तासाभरात तो निवतो. त्याच्या वरच्या माळ्याला दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळीच्या खिडक्या ठेवल्या आणि वाशांखाली, कौलांपासून थोडी जागा सोडून, अॅल्युमिनियमचा चकचकीत कागद ताणला, तर दुपारचाही प्रश्न बराचसा सुटतो. या कागदाला खर्च स्लॅबच्या सळईच्या तुलनेत काहीच नाही. तरी तो क्वचितच कुणी लावतं, कारण ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये त्याची ओळच नसते.

टिकण्याबद्दल स्लॅबवाले सगळ्यांत जास्त निश्चिंत असतात, म्हणून तिथे थोडं थांबतो. समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आतलं वीस-पंचवीस वर्षं जुनं स्लॅबचं घर पाहा आणि सरळ छताकडे मान वर करा. पंख्याच्या हुकाभोवती तांबूस वर्तुळ आलेलं असतं. न्हाणीघराच्या बाजूला सळईच्या रेषेत गिलावा फुगलेला असतो. काठीने टोचलं की पापुद्रा निघून येतो आणि आत सळई दिसते, तिचे थर हाताने सुटतात. गंजलेलं लोखंड मुळापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतं आणि आतूनच कॉंक्रीट फोडतं. हे होऊ नये म्हणून आपल्या मानकात, भारतीय मानक ४५६ मध्ये, स्पष्ट लिहिलं आहे : किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत आडोशाला असलेल्या कॉंक्रीटलाही सळईखाली ३० मिलिमीटरचं कव्हर आणि किमान एम-२५ दर्जा, त्या हवेला उघडं असेल तर ४५ मिलिमीटर आणि एम-३०. साइटवर काय होतं? सळईखाली खडीचे तुकडे सरकवले जातात, त्यांवरून मजूर पाट्या घेऊन चालतात, आणि स्लॅब भरून होईपर्यंत निम्म्या सळया सेंट्रिंगच्या पाट्यांना टेकलेल्या असतात. वाळू खाडीची, नीट न धुतलेली. पाण्याचं प्रमाण मिक्सरवाल्याच्या हाताच्या अंदाजावर. क्युरिंगला पहिले दोन दिवस आळी करून पाणी, मग “चालतंय”. असा स्लॅब ‘पक्का’, आणि शंभर वर्षांचा कडीपाट ‘कच्चा’!

हा दोष कॉंक्रीटचा नाही, करणाऱ्यांचा आहे, असं उत्तर येईल. कबूल. पण गावात मिळणारे करणारे तेच आहेत. कागदावरच्या स्लॅबची तुलना वाळवी लागलेल्या कडीपाटाशी करायची, हा वादातला सोयीचा खेळ आहे. तुलना करायची तर सरासरी स्लॅबची सरासरी कडीपाटाशी करा. कडी किडली तर ती एकटी बदलता येते, खोली चालू ठेवून, दोन सुतारांच्या हातून. सळई गंजली तर काय बदलता?

वाळवीचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो झटकून टाकणारे लाकूडप्रेमी मला स्लॅबवाल्यांइतकेच खटकतात. जुन्या घरातलं लाकूड टिकलं, त्यात सुताराचं कौशल्य होतं, जातिवंत लाकूड होतं, आणि चूल होती. रोज दोन वेळचा धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. कड्या काळ्याकुट्ट व्हायच्या आणि किडा त्यांच्या वाटेला जायचा नाही. गॅस आला, धूर गेला, संरक्षणही गेलं. आज नव्याने कडीपाट टाकणाऱ्याने ही उणीव दुसरीकडून भरून काढलीच पाहिजे. लाकूड पुरतं सुकलेलं घ्यायचं, आणि गाभ्याचं घ्यायचं. सागाचा, फणसाचा, किंजळाचा गाभा किडीला दाद देत नाही, पण कडेचा पांढुरका भाग पहिल्या दोन पावसाळ्यांतच पिठासारखा होतो. टोकं भिंतीत चिणायची नाहीत. कॉंक्रीटच्या पट्ट्यावर टेकवायची, चारी बाजूंनी हवा लागेल अशी. बोरॅक्स-बोरिक आम्लाचं द्रावण लाकडाला पाजायचं, तेही फळ्या ठोकण्याआधी, कारण नंतर ब्रश पोचतो तो एकाच बाजूला. आणि वाळवी जमिनीतून भिंतीच्या आधाराने मातीची नळी करत वर येते, तेव्हा पायाला औषध मारणं आणि वर्षातून एकदा बॅटरी घेऊन माळ्यावर चढणं, याला पर्याय नाही.

फळ्यांचंही एक सांगायला हवं. नुसत्या कडेला कड लावून ठोकलेल्या फळ्या पावसात फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात, आणि कौलं चाळायला माणसं वर चढली की फटींतून धूळ जेवणाच्या ताटात पडते. “लाकडी छतातून कचरा पडतो” ही तक्रार अशा कामांमुळे झाली आहे. फळीच्या एका कडेला खाच आणि दुसरीला जीभ काढून ती एकमेकींत बसवली, की लाकूड कितीही हललं तरी फट आरपार होत नाही. सुतार याचे जास्त पैसे मागतो. द्यावेत.

आता वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे एका दुपारीत हजारो छपरं गेली. त्यानंतर कौलारू घराची बाजू घेणं अवघड झालं, आणि मी ते समजू शकतो. ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर डोळ्यांसमोर उडालं, त्यांना चौरस मीटरचे हिशोब ऐकवणं बरं दिसत नाही. स्लॅबखालची माणसं त्या दिवशी सुरक्षित राहिली. माड-पोफळी छपरावर कोसळल्या, तिथे तर स्लॅबनेच जीव वाचवले. हे सगळं मान्य करून दोन गोष्टी विचारतो. पहिली : वाऱ्याने उडालं ते छप्पर, आणि ते उडालं कारण ते भिंतीला बांधलेलं नव्हतं. वासे भिंतपट्टीवर, भिंतपट्टी चिऱ्यावर, नुसती टेकलेली. वारा पन्हळीखाली शिरला की उचलायला वेळ लागत नाही. पट्ट्यात कॉंक्रीट भरतानाच बोल्ट सोडून भिंतपट्टी त्यांना आवळली, प्रत्येक वाशाला लोखंडी पट्टीने जखडलं, आणि कडेच्या कौलांना तारेने बांधलं, तर चित्र वेगळं असतं. स्लॅबवरच्या शेडीही त्या वादळात उडाल्याच की. त्या पत्र्यांनी शेजाऱ्यांची काय दशा केली, ते गावात विचारा. दुसरी गोष्ट : आसरा हवा म्हणून सगळ्या घरावर स्लॅब कशाला? एका खोलीवर टाका.

माझी सूचना तीच आहे. स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणीघर, संडास, एवढ्यावर स्लॅब. तिथे त्याला खरं काम आहे : वर पाण्याची टाकी बसते, खाली गॅस आहे म्हणून आगीच्या दृष्टीने लाकूड नको, वाफ असते, आणि वादळाच्या दिवशी घरातली सगळी माणसं त्या खोलीत मावतात. एवढा लहान स्लॅब चांगल्या देखरेखीखाली भरून घेणं मालकालाही जमतं. दिवसभर उभं राहून कव्हरचे ठोकळे मोजता येतात. ज्यांना आणखी हौस आहे, त्यांनी केरळात लॉरी बेकर यांनी रुळवलेली पद्धत पाहावी. स्लॅबच्या खालच्या भागातलं कॉंक्रीट ताण घेत नाही, तो ताण सळई घेते. म्हणून तिथे सळयांच्या चौकटींमध्ये जुनी मंगलोरी कौलं ठेवून द्यायची. कॉंक्रीट वाचतं, वजन उतरतं, आणि एकावर एक दोन कौलं ठेवली तर मधल्या हवेमुळे झळही कमी होते. गावात कौलारू घरं पाडून स्लॅब टाकणं चालू आहेच, कौलांना तोटा नाही. बाकी माजघर, ओटी, झोपायच्या खोल्या यांच्यावर कडीपाट.

“पण परवडतं कुणाला?” नवं सागवान खरोखरच महाग आहे, आणि आवारातलं झाड तोडायचं म्हटलं तरी सागाला, फणसाला परवानगी लागते. पण हिशोब पूर्ण करा. स्लॅबच्या खर्चात पिलर, फुटिंग, सेंट्रिंग, गिलावा आणि वॉटरप्रूफिंग धरा. कडीपाटाच्या खर्चात यांतलं काही नाही. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड बाजारात येतं. त्याचं हलायचं, वाकायचं सगळं झालेलं असतं, खिळे काढून रंधा मारला की झालं. तेही झेपत नसेल तर कड्या लोखंडी चौकोनी नळ्यांच्या घ्या, गंजरोधक रंगाचे दोन हात देऊन, आणि वर सिमेंट फायबरचे जाड बोर्ड टाका. दिसायला साधं, वजनाला हलकं, वाळवीला निरुपयोगी. माझ्या मते मध्यम बजेटच्या घराला हाच पर्याय बरा, आणि नेमका त्याचाच उल्लेख कुणी करत नाही.

त्याऐवजी सुचवलं जातं ते पीव्हीसीच्या पट्ट्यांचं किंवा पीओपीचं फॉल्स सीलिंग. यांवर फार शाई खर्च करत नाही. दोन्हींवर पाय ठेवता येत नाही, म्हणजे माळा गेला. वर उंदरांनी वायर कुरतडली, वानराने कौल फोडलं, ओल आली, तरी खाली महिनोन् महिने काही कळत नाही. कळतं तेव्हा पीओपीचा तुकडा पडलेला असतो. कडीपाटावर थेंब पडला की त्याच दिवशी फळीवर डाग उमटतो आणि कुठलं कौल सरकलं ते खालूनच दाखवता येतं.

राहता राहिला ‘उद्याचा मजला’. पोरं मोठी होतील, वर दोन खोल्या काढता येतील, म्हणून आज स्लॅब. ज्यांच्या पोरांनी आधीच डोंबिवलीत, पुण्यात फ्लॅट घेतले आहेत, तेही हेच सांगतात. वर मजला खरोखर चढवायचा असेल तर तसा पाया आजच घ्यावा लागतो, जिन्याची जागा आजच सोडावी लागते, आणि मग उतरत्या छपराचा खर्च आज करूच नये. जिन्याला जागा नाही, पिलरच्या सळया वर काढून ठेवलेल्या नाहीत, आणि डोक्यावर पक्की शेड आहे. या घरावर मजला कसा चढणार?

एका प्रकारच्या मालकापुढे मात्र माझा युक्तिवाद मी मागे घेतो. ज्यांचं घर गणपती आणि मे महिना सोडून वर्षभर बंद असतं, त्यांनी कडीपाटाच्या भानगडीत पडू नये. बंद, दमट घरात वाळवीला कुणी आवरणारं नसतं, आणि माळ्यावर उदमांजराचं बिऱ्हाड झालं तरी बातमी मुंबईला पोचत नाही. त्यांनी स्लॅबच टाकावा, कव्हर मोजून टाकावा. फक्त बाराही महिने गावात राहणारा शेजारी घर बांधायला काढेल, तेव्हा त्याला सल्ला द्यायला जाऊ नये.